गायीच्या गळ्यातला जीपीएस पट्टा: सेल कुठला टाकावा, आणि डोंगर चढणं रक्तात असतं का?

फैजपूरकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. विषय अर्धा बॅटरीचा आणि अर्धा गुरांचा आहे, कुठल्या विभागात टाकावा कळेना म्हणून इथेच टाकतोय. मी पुण्यात सेल टेस्टिंगच्या लाइनमध्ये आहे, म्हणजे दिवसभर सेल चार्ज करायचे, डिस्चार्ज करायचे आणि ते कसे मरतात ते बघत बसायचं. मामेभाऊ पशुवैद्यकीयला पीएचडी करतोय. त्याचा विषय असा की सातपुड्याच्या पायथ्याला चरणाऱ्या गुरांपैकी काही जनावरं आपणहून वर चढतात, लांब जातात, आणि काही दिवसभर नाल्याच्या कडेलाच तोंड खुपसून असतात, तर हा फरक जनुकांमुळे आहे की सवयीमुळे.

हे खूळ त्याच्या डोक्यातलं नाहीये. अमेरिकेत न्यू मेक्सिको स्टेट युनिव्हर्सिटीचे डेरेक बेली यांनी बरीच वर्षं यावर काम केलंय, गायींच्या गळ्यात जीपीएस बांधून. चढणाऱ्या गायींना ते लोक 'हिल क्लाइंबर' म्हणतात आणि खाली राहणाऱ्यांना 'बॉटम ड्वेलर'. २०१५ मध्ये त्यांच्या टीमचा पेपर आला की गायींच्या डीएनएमधल्या काही खुणा आणि त्या कुठल्या उतारावर चरतात याचा संबंध दिसतो. त्यातल्या एका खुणेजवळ जीआरएम५ नावाचं जनुक आहे, ते मेंदूत ग्लुटामेटचा रिसेप्टर बनवतं आणि त्याचा संबंध हालचाल, जागेची आठवण असल्या गोष्टींशी लावतात.

आपल्याला याचं काय, तर पायथ्याचं गवत पार खरवडून निघतं, वरचं तसंच उभं वाळतं आणि मार्च-एप्रिलात वणव्यात जातं. चढणारी जनावरं निवडून पैदास करता आली तर तेच गवत, तेवढंच रान, पण चराई सारखी पसरेल. कुंपण नको, नवीन हौद नको.

आता अडचण. पट्टे मी बनवून दिले. हिशोब सोपा होता: जीपीएस चालू असताना ३० मिलिअँपिअर खातो, एका नोंदीला अर्धा मिनिट धरा, दर दहा मिनिटांनी नोंद म्हणजे दिवसाला १४४ नोंदी, झाले ३६ मिलिअँपिअर-तास. ३००० चा एक सेल म्हणजे कागदावर ८० दिवसांच्या वर. शिवाय वर छोटं सोलर पॅनल. प्रत्यक्षात मे महिन्यात एकेक पट्टा गप्प झाला, आणि परत आणून सेल टेस्टला लावले तर क्षमता दणकून खाली. तर दोन प्रश्न:

एक, आपल्या उन्हात टिकणारा सेल कुठला? दोन, ज्यांच्या घरी गुरं आहेत त्यांनी सांगा, हा अभ्यास तुम्हाला पटतो का? मला स्वतःला असं वाटायला लागलंय की जनुकाचं उत्तर जनावराच्या रक्ताआधी बॅटरीच्या इलेक्ट्रोडमध्ये अडकलंय, कारण वर्षभराची सलग नोंद नसेल तर पुढचं सगळं गणित हवेत.

भुसावळचा_भाऊ

मे महिन्यात भुसावळमध्ये माणूस गप्प होतो भो, सेलचं काय घेऊन बसला 😄 सावलीत ४५ असतं आणि तुम्ही काळी डबी गायीच्या मानेवर उन्हात ठेवली. बाकी आमच्या आजोबांच्या वेळेला पळणाऱ्या गायीच्या गळ्यात लोढणं बांधायचे, तुम्ही इलेक्ट्रॉनिक लोढणं केलं एवढंच.

सेलवाला_नाशिक

वरच्याने मस्करीत बरोबर मुद्दा सांगितला. सेल कुठला होता ते लिहिलं नाही, पण ३००० चा आहे म्हणजे साधा १८६५० आकाराचा (१८ मिलिमीटर जाड, ६५ लांब), निकेल-मँगनीज-कोबाल्टवाला असणार. त्याची डेटाशीट काढून बघा, डिस्चार्ज ६० अंशापर्यंत चालतो पण चार्जिंगची मर्यादा बहुतेक ठिकाणी ४५ लिहिलेली असते. म्हणजे तुमचं सोलर नेमकं कधी जोरात चार्ज करतंय, तर दुपारी बारा ते तीन, जेव्हा डबीच्या आत ६० झालेले आहेत. दिवसभर फुल चार्ज आणि वरून भट्टी, याच्यापेक्षा वाईट हाल सेलचे करता येत नाहीत.

आत काय होतं ते थोडं सांगतो, इथे सगळ्यांना माहीत असेलच असं नाही. ऋण बाजूला ग्रॅफाइट असतं, पहिल्या चार्जला त्याच्यावर इलेक्ट्रोलाइटची एक पातळ खपली धरते, तिला एसईआय म्हणतात. ती खपली पाहिजेच, तिच्यामुळेच सेल जगतो. पण उष्णतेत ती जाड होत जाते आणि जाड होताना कामाचं लिथियम खाऊन टाकते. ठोकताळा असा की दर दहा अंशाला म्हातारपणाचा वेग साधारण दुप्पट.

उपाय: एलएफपी घ्या. लिथियम आयर्न फॉस्फेट. टेक्सासला गुडइनफ यांच्या लॅबमध्ये १९९७ च्या आसपास पुढे आलं ते, पेपरवर पहिलं नाव आपल्या ओडिशाच्या अक्षय पाढींचं, हे फार कमी लोकांना माहीत असतं. फॉस्फेटमध्ये ऑक्सिजन फॉस्फरसला घट्ट बांधलेला असतो त्यामुळे तापलं तरी सहज सुटत नाही, निकेलवाल्यात तो सुटतो आणि भडका तिथूनच उडतो. काही एलएफपी सेलना चार्जिंग ५५ पर्यंत चालतं. तोटा वजनाचा, त्याच १८६५० आकारात १५००-१८०० च मिळेल आणि व्होल्टेज ३.२.

अजून एक. अर्धा मिनिट प्रत्येक नोंदीला का लागतोय? जीपीएस मॉड्यूलला बॅकअपची वेगळी पिन असते, तिला थोडा करंट सतत देत राहा म्हणजे उपग्रहांची माहिती आत टिकते. मग दहा मिनिटांनी उठवला तरी मोकळ्या रानात काही सेकंदात जागा सांगतो. तुमचा खर्च तिथेच चौथाई होईल. सेल बदलायच्या आधी हे करा.

फैजपूरकर

बॅकअप पिनचं लगेच करतो. सेल तोच होता, निकेलवाला. एलएफपी माझ्या डोक्यात होतं पण वजनामुळे मामेभाऊ नको म्हणत होता. लिथियम थायोनिल क्लोराइड कुणी वापरलाय का? मीटरमध्ये असतो तो, ३.६ व्होल्ट, मोठ्या डी साइजमध्ये १७-१९ हजार मिलिअँपिअर-तास येतात, चार्जिंगचा प्रश्नच नाही, सोलरची कटकटच गेली.

सेलवाला_नाशिक

वापरलाय. त्यात लिथियमचा सरळ धातू असतो आणि त्याच्यावर मिठासारखा लिथियम क्लोराइडचा थर बसतो, म्हणून तो वर्षानुवर्षं पडून राहिला तरी उतरत नाही. पण तोच थर अचानक जास्त करंट मागितला की आडवा येतो, व्होल्टेज खाली बसतं आणि मॉड्यूल रीसेट. शेजारी कपॅसिटर लावावा लागतो. आणि मोबाइल नेटवर्कवर डेटा पाठवत असाल तर विसराच, तो झटका अँपिअरमध्ये असतो. डेटा मेमरी कार्डवर ठेवा, पट्टा काढल्यावर घ्या. सातपुड्यात नेटवर्क तरी कुठे आहे राव.

गुरांचा_डॉक्टर

मी धुळे जिल्ह्यात प्रॅक्टिस करतो. वरची चर्चा वाचली, चांगली आहे, पण बॅटरी आणि गुरं हे दोन शब्द एका वाक्यात आले की मला दुसरंच आठवतं, ते आधी लिहितो.

ट्रॅक्टरची, इन्व्हर्टरची जुनी बॅटरी गोठ्याच्या मागे टाकलेली असते. तिचं झाकण फुटतं, आतल्या शिशाच्या प्लेटा बाहेर येतात आणि जनावर त्या चाटत बसतं. हे अपघाताने नाही होत, जनावराला ती चव आवडते, आणि ज्याच्या आहारात मीठ-फॉस्फरस कमी आहे ते तर जास्तच चाटतं. मग काय, दोन-तीन दिवसांत गाय आंधळ्यासारखी भिंतीवर जाऊन धडकते, डोकं गव्हाणीला दाबून उभी राहते, दात खाते, कान आणि पापण्या थरथरतात. लोक म्हणतात बाहेरचं काहीतरी लागलं. वासरं तर आदल्या दिवशी चांगली आणि सकाळी मेलेली. आत काय गेलंय हे कळेपर्यंत उशीर झालेला असतो. इलेक्ट्रोड मटेरियलचं संशोधन करणाऱ्यांनी हे पण टिपून ठेवा, खान्देशात गुरांना सगळ्यात जास्त भेटणारं इलेक्ट्रोड मटेरियल शिसंच आहे. जुनी बॅटरी भंगारवाल्याला द्या, पण तोपर्यंत उंचावर ठेवा.

तुमच्या पट्ट्याबद्दल: थायोनिल क्लोराइड डोंगरात नको. पट्टा तुटून पडला, दुसऱ्या जनावराने चघळला, सेल फुटला तर तो पदार्थ ओलाव्याला लागून आम्ल आणि विषारी वायू सोडतो. आणि बारीक वायर, स्क्रू बाहेर राहिले तर ते पोटात जातात. जनावर घास चावून नाही गिळत, तार सरळ जाळीच्या पोटात जाऊन बसते आणि तिथून हृदयाच्या पिशवीत घुसते. एलएफपीच घ्या, थोडं जड चालेल. तीनशे-साडेतीनशे किलोच्या गायीला पाव किलोने काही होत नाही. पट्टा चामड्याचा, दोन बोटं आत जातील एवढा सैल, आणि वाढत्या कालवडीला दर महिन्याला सैल करा नाहीतर मान कापते.

शहादेकर

आते ढोरे चाराले कोनी जास नही भो, नि तुम्ही त्यास्ना गळामा जीपीएस बांधी राह्यनात 😀

बरं मराठीत लिहितो सगळ्यांसाठी. मला अभ्यास पटतो पण एक मोठी खोट आहे. तुम्ही जे अमेरिकेचं सांगता तिथे हजारो एकराला तारेचं कुंपण, गाय आत सोडली की आठवडेच्या आठवडे कोणी बघत नाही. ती वर जाते की खाली बसते हा तिचा तिचा निर्णय. आपल्याकडे गुराखी असतो. तो ठरवतो आज कुठल्या बरडावर जायचं, पाणी कधी, दुपारी कुठल्या झाडाखाली बसवायचं. कपाशी उभी असेल तर तो गुरांना वरच ठेवतो, शेत मोकळं झालं की सगळं खिल्लार खाली पऱ्हाटीत. तुमचा जीपीएस गायीची जनुकं मोजत नाहीये, गुराख्याची मर्जी मोजतोय. काठेवाडी लोकांच्या गायी घ्या, त्या तर शेकडो किलोमीटर चालत येतात, त्यांच्या रक्तात प्रवास आहे असं म्हणणार का?

मामेभाऊ_तोच

दादाने लिंक पाठवली म्हणून खातं उघडलं. शहादेकर दादा, तुमचा आक्षेप माझ्या गाइड सरांनी पण पहिल्याच दिवशी घेतला होता, आणि तो बरोबरच आहे. आम्ही त्यातून असा मार्ग काढतोय: एकाच गुराख्याच्या एकाच कळपात, एकाच दिवशी, गायी एकमेकींपासून किती वर-खाली असतात तेवढंच बघायचं. गुराखी कळप कुठे न्यायचा ते ठरवतो, पण कळप पसरल्यावर कोण वरच्या कडेला आणि कोण खालच्या, हे तो नाही ठरवत. आणि भाकड गायी, मोठे गोऱ्हे यांना पावसाळ्यात सकाळी नुसतंच हाकलून देतात, ती संध्याकाळी आपली आपण येतात, त्यांची नोंद सोन्यासारखी.

सवयीचा प्रश्न मात्र याच्यानेही सुटत नाही. आयडाहोत १९९० च्या दशकात वासरांची अदलाबदल करून बघितली होती, म्हणजे एका गायीचं वासरू जन्मतःच दुसरीच्या खाली लावलं. मोठेपणी त्या कालवडींचा ओढा पाळणाऱ्या आईच्या जागांकडे दिसला. म्हणजे आई दाखवते ते वासरू शिकतं. उलट बाजूने मोंटानात एकाच रानात टॅरेंटेज जातीच्या, मूळ फ्रान्सच्या आल्प्समधल्या, गायी हियरफोर्ड जातीच्या गायींपेक्षा वर चरताना दिसल्या. आणि न्यू मेक्सिकोतच जोर्नाडा म्हणून वाळवंटी संशोधन केंद्र आहे, तिथे क्रिओलो नावाच्या छोट्या काटक गायी अँगसच्या संकरितपेक्षा जास्त लांब फिरतात. आपल्या निमाडी, डांगी गायींच्या जवळचं उदाहरण हेच वाटतं मला.

चोपडा_टू_हडपसर

एक शंका. आपल्या गावठी गुरांची वंशावळ कुठे असते? बाप कोण हे गावालाच माहीत नसतं, मोकळा सोडलेला वळू. मग आनुवंशिकता मोजणार कशी?

मामेभाऊ_तोच

वंशावळ लागत नाही आता. डीएनएवर हजारो ठिकाणी एका अक्षराचा फरक असतो, त्याला एसएनपी म्हणतात. चिपवर ते एकदम वाचले की कुठली दोन जनावरं किती जवळची हे आकड्यात निघतं, बाप माहीत असो नसो. मग बघायचं की जी रक्ताने जवळ आहेत ती चरायला पण सारखी वागतात का.

चिपचा आपल्याकडे फायदा झालाय. आधी ज्या चिप मिळायच्या त्या विदेशी गायींवर बेतलेल्या. गायीचा पहिला पूर्ण जिनोम २००९ साली आला तोच मुळी अमेरिकेतल्या एका हियरफोर्ड गायीचा, डॉमिनेट नाव तिचं. आपली वशिंडवाली गाय वेगळ्या घराण्यातली, सिंधूच्या बाजूला वेगळी माणसाळवलेली. गुणसूत्रं दोघींची साठच, पण खुणा वेगळ्या जागी आणि वेगळ्या जोड्यांनी येतात. म्हणून बेलींच्या गायीत जी खूण चढण्याशी जोडलेली दिसली तीच खूण निमाडी गायीत शोधून 'ही चढेल' म्हणणं चुकीचं. ऑक्टोबर २०२४ मध्ये वाशिमला पंतप्रधानांच्या हस्ते देशी गायींसाठी गौचिप आणि म्हशींसाठी महिषचिप आली, ती आपल्याच जातींवर बेतलेली आहे. आम्ही तीच वापरायच्या प्रयत्नात आहोत.

आणि हे पण सांगून टाकतो, एकच 'चढणीचं जनुक' सापडेल अशी आशा कोणी धरू नका. असल्या वागण्यात शेकडो जनुकं थोडा थोडा हात लावतात. त्यासाठी हजारो जनावरं लागतात आणि माझ्याकडे आहेत त्यापेक्षा कितीतरी जास्त पट्टे. म्हणून दादा म्हणतो ते खरं आहे, गाडं बॅटरीपाशीच येऊन थांबतं.

केळीवाला_रावेर

बॅटरीवाले इथे जमलेच आहेत तर माझा प्रश्न. परवा एक जण आला होता, म्हणे केळीच्या खांबापासून बॅटरीचा कोळसा करतात, खांब विकत घेऊ, टनावर पैसे देऊ. घड कापल्यावर खांब आमच्याकडे डोकेदुखीच असते, पिलबाग (त्याच बुंध्याच्या पिलांवर दुसरं पीक) ठेवायची तर बाजूला ओढून टाकायला मजूर लावावा लागतो. हे खरं आहे का उगाच ठेव मागणारं प्रकरण?

कोळशाची_पीएचडी

मी जळगावला केमिस्ट्रीत आहे आणि नेमकं हेच करते, म्हणून लिहिते.

खरं आहे पण अर्धं. सोडियम-आयन बॅटरीत ऋण बाजूला ग्रॅफाइट चालत नाही, तिथे हार्ड कार्बन लागतो. केळीच्या सालीपासून तो करून दाखवलाय कॅनडात अल्बर्टा युनिव्हर्सिटीच्या लोकांनी २०१४ मध्ये. हार्ड कार्बन म्हणजे कितीही तापवला तरी ज्याचं ग्रॅफाइट होत नाही असा कोळसा. कोळशाच्या या दोन जाती १९५१ मध्ये वेगळ्या करून दाखवल्या रोझलिंड फ्रँकलिन यांनी, डीएनएच्या फोटोवाल्या त्याच. (गाय आणि बॅटरी दोन्ही धाग्यात एकच बाई, बघा.) सोडियमचं काम २००० साली स्टीव्हन्स आणि डान यांनी साखरेच्या कोळशावर केलं आणि ग्रॅमला ३०० मिलिअँपिअर-तास काढून दाखवले. आजही चांगला हार्ड कार्बन त्याच्याच आसपास असतो.

आता खांबाचा हिशोब करा. खांबात नव्वद टक्क्यांच्या वर पाणी. एक टन ओला खांब वाळवला की ऐंशीएक किलो राहतो. तो १२००-१४०० अंशाला आर्गॉनमध्ये भाजला की त्याचा पाव हिस्सा कोळसा, म्हणजे वीस किलोच्या आत. आणि केळीत पोटॅश भरपूर, जे तुम्ही ड्रिपमधून सोडता ते सगळं खांबात बसलेलं असतं. भट्टीत ते कोळशाला आतून पोखरतं, पृष्ठभाग वाढतो, आणि पृष्ठभाग वाढला की वर सेलवाला दादांनी सांगितलेली खपली जास्त धरते, पहिल्याच चार्जला सोडियमचा मोठा हिस्सा वाया. म्हणून आधी आम्लाने धुवावं लागतं. आमच्या लॅबमध्ये धुण्याचं पाणीच एवढं निघतं की विचारू नका. पाणी वाहायला गाडीभाडं, वाळवायला जागा, धुवायला आम्ल, एवढं करून टनाला चांगला भाव कोणी देत असेल तर माझ्याकडे पण पाठवा. ठेव मागितली तर नमस्कार करा.

पदवीधर_शेतकरी

सोडियमचा अणू मोठा असतो म्हणून ग्रॅफाइटच्या थरात मावत नाही, एवढं सोपं आहे ते.

कोळशाची_पीएचडी

हे सगळीकडे लिहिलेलं असतं पण मग पोटॅशियमचं काय? ते सोडियमपेक्षा मोठं आहे आणि ग्रॅफाइटमध्ये छान शिरतं. प्रश्न नुसत्या आकाराचा नाही, सोडियम आणि ग्रॅफाइटचं संयुग ऊर्जेच्या हिशोबाने टिकतच नाही. लिथियमचं टिकतं, पोटॅशियमचं टिकतं, मधल्याचंच नेमकं नाही. परीक्षेत हाच प्रश्न विचारून सर लोक मुलं पाडतात.

अमळनेरची_काकू

मला बॅटरीतलं कळत नाही पण खांब जनावरांना लागतात ना हो. दुष्काळाच्या साली आमच्या सासऱ्यांनी रावेरहून ट्रॉली भरून खांब आणले होते, विळ्याने चकत्या करून, दादर ज्वारीच्या कडब्याच्या कुट्टीत मिसळून घालायचो. नुसते घातले तर पातळ हागवण लागते. पण पाणी आणि पोट दोन्ही भागायचं. ते पण तुम्ही कारखान्यात नेलं तर कोरड्या साली गुरांनी काय खावं?

गुरांचा_डॉक्टर

काकूंचं बरोबर आहे. खांबात प्रथिनं नावाला पण टंचाईत पोट भरायला चालतो, कोरड्या वैरणीत मिसळूनच.

कोळशाची_पीएचडी

काकू, मी तेच म्हणणार होते. माझं मत विचाराल तर कोळसा कपाशीच्या पऱ्हाटीचा करावा. जनावर तिची पानं आणि राहिलेली बोंडं खातं, काडी खात नाही. काडी लाकडासारखी, लिग्निन जास्त, पाणी कमी, पोटॅश केळीपेक्षा कमी, त्यामुळे कोळसा पण जास्त पडतो. आणि गुलाबी बोंडअळीमुळे कृषी खातं दरवर्षी ओरडून सांगतं की फरदड (त्याच झाडांवर लांबवलेलं पीक) घेऊ नका, पऱ्हाटी शेतात ठेवू नका. ती आज चुलीत जाते नाहीतर बांधावर पेटवतात. गुरांच्या तोंडचं न काढता इलेक्ट्रोड होणारं तेवढं एकच पीक आहे आपल्याकडे. नुसता लॅबमधला आकडा चांगला आला म्हणून केळीच्या मागे धावणारे पेपर खूप आहेत, मला ते पटत नाही, भले माझा अर्धा थिसिस केळीवर असो.

केळीवाला_रावेर

झालं, म्हणजे आमचा खांब तिथेच कुजवायचा. चालेल, पोटॅश तरी शेतात परत जाईल. त्या माणसाने ठेव मागितलीच होती.

पदवीधर_शेतकरी

पण सोडियम बॅटरी येणार तरी आहे का? लिथियम तर आता जम्मूत सापडलं म्हणे.

सेलवाला_नाशिक

जम्मूच्या रियासीत ५९ लाख टन सांगितलं ते फेब्रुवारी २०२३ मध्ये, आणि तो 'अनुमानित' साठा आहे, प्राथमिक पायरी. खाण नाही तिथे. सोडियमचं म्हणाल तर पुण्यात केपीआयटी कंपनीने डिसेंबर २०२३ मध्ये स्वतःचं तंत्रज्ञान जाहीर केलं, पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेतल्या लोकांबरोबर केलेलं, आणि रिलायन्सने त्याच्या आधी ब्रिटनची फॅराडियन ही सोडियम बॅटरीची कंपनी घेतली. वजनाला लिथियमपेक्षा जड, सोडियमचा अणूच २३ चा आणि लिथियमचा ७ चा. पण तांब्याची पत्री लागत नाही, दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियम चालतं, आणि पार शून्य व्होल्टला उतरवून ठेवला तरी बिघडत नाही. गायीच्या पट्ट्याला मला हेच आवडतं. डोंगरात पट्टा हरवला, दोन महिन्यांनी सापडला, लिथियमवाला सेल तोपर्यंत मेलेला असतो.

साक्रीवाला

सगळं वाचलं. तुम्ही चराई पसरवायचं म्हणता, आमच्याकडे बारीपाड्याने चराईबंदी केली. कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी, चैत्राम पवारांनी, २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली त्यांना. चारशे हेक्टरच्या वर जंगल उभं राहिलं. मग जनुकं शोधण्यापेक्षा गुरं बंद ठेवणं सोपं नाही का?

शहादेकर

बारीपाडा एका गावाने एकजुटीने केलं, प्रत्येक गावाला ते जमत नाही. आणि बंदी केली की शेजारच्या रानावर दुप्पट गुरं येतात, हे पण बघितलंय. गवताचं म्हणाल तर पूर्ण बंद ठेवलेल्या डोंगरावर कुसळी माजते. पावसाळ्यात कोवळी असताना गुरं खातात, एकदा कुसळं धरली की तोंडाला टोचतात म्हणून फिरकत नाहीत. योग्य वेळेला वर जनावर पाहिजेच. म्हणून मला या पोराचा अभ्यास शेवटी पटतोय, गुराख्याचा घोळ निस्तरला तर.

फैजपूरकर

तर माझं ठरलं ते असं. एलएफपीचा एक मोठा २६६५० सेल, सोलर काढून टाकतो, बॅकअप पिन चालू, डेटा कार्डवर. डबी पांढरी आणि मानेच्या खालच्या बाजूला, ॲन्टेना फक्त वर. तीनेक हजारच्या सेलमध्ये नोंदीला पाच-सात सेकंद धरले तर पावसाळ्यापासून दिवाळीच्या पुढे आरामात जातो, झाडीत जास्त वेळ लागला तरी. सोडियमचे सेल बाजारात सुटे नीट मिळायला लागले की चार पट्टे त्याचे करून शेजारी शेजारी लावतो.

मामेभावाला अजून एक सांगितलंय, उंची जीपीएसची घेऊ नकोस, ती पंधरा-वीस मीटर सहज चुकते. जागा जीपीएसची घ्यायची आणि उंची उपग्रहाच्या ३० मीटरवाल्या नकाशावरून काढायची. आणि बसलेली गाय सुद्धा दिवसभरात पाऊणएक किलोमीटर 'चालते', कारण प्रत्येक नोंद चार-पाच मीटर इकडे तिकडे उडते. ते गाळल्याशिवाय चालण्याचा आकडा छापू नकोस.

शहादेकर दादा, तुमच्या बाजूला तापी खिल्लार जातीच्या गायी आहेत ना, गुलाबी नाकाच्या? एखादा कळप मिळेल का पट्टे लावायला?

शहादेकर

आहेत, थिल्लारी म्हणतात इकडे. आता शुद्ध कमी राहिलीत, पण ओळखीच्या एकाकडे बरीच आहेत. पोळा होऊन जाऊ द्या, मग या. तोपर्यंत बैलांना हात लावू देणार नाही कोणी. आणि पट्टा हरवला तर पैसे मागणार नाही असं आधीच सांगा, नाहीतर गावात पाय ठेवू देणार नाहीत. मागे कोणीतरी असंच काही मशीन लावून गेले आणि हरवल्यावर बिल पाठवलं.

मामेभाऊ_तोच

लेखी देतो, पट्टा हरवला तर आमचा. डॉक्टरसाहेब, रक्त काढायला मालक नाही म्हणतात. शेपटीच्या केसावर भागेल ना?

गुरांचा_डॉक्टर

भागतं. शेपटीच्या गोंड्यातले तीस-चाळीस केस बोटाला गुंडाळून एका झटक्यात उपटा, कापायचे नाहीत, डीएनए मुळाशी असतो. शेण लागलेले घेऊ नका. कागदी पाकिटात ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत ओल धरते आणि बुरशी येते. पाकिटावर कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचा बारा आकडी नंबर पेन्सिलने लिहा, पेनाची शाई घामाने फासटते. आणि मागे उभं राहून उपटू नका, बाजूला उभे राहा. थिल्लारीची लाथ बसली की पीएचडी सहा महिने पुढे जाते.